उद्या कोण?

आमच्या घरी भाऊबीज कधी पंचांगाप्रमाणे आली नाही. ती माझ्या धाकट्या बहिणीच्या ड्यूटीच्या तक्त्याप्रमाणे यायची. कार्तिक शुद्ध द्वितीयेला साऱ्या आळीत पाट-रांगोळ्या होऊन जात, आणि आमच्याकडे निरांजन लागायचे ते कधी पंचमीला, कधी तुळशीच्या लग्नाच्या गडबडीत. एका वर्षी तर तिने मला नाताळच्या सुट्टीत ओवाळले. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ती तेवीस वर्षे परिचारिका होती. त्या विभागाला सण नसतात. चकल्या शिळ्या होतात, भाऊ होत नाही, असे म्हणून ती वेळ मारून नेई, आणि मीही आपली ओवाळणी पाकिटात घालून तिच्या रजेची वाट पाहत बसे.

२०२२ च्या दिवाळीत मात्र ती भाऊबिजेच्या दिवशीच, सकाळी नऊच्या ठोक्याला, दारात उभी राहिली. त्या जूनमध्ये तिने रुग्णालय सोडले होते आणि एका नर्सिंग कॉलेजात ती शिकवू लागली होती. आमच्या आईला या गोष्टीचा जेवढा आनंद झाला तेवढा माझ्या प्राध्यापकीचाही कधी झाला नव्हता. "सुटली गं बाई माझी पोर," असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. शेजारच्या काकूंनी तिला बढती मिळाल्याबद्दल पेढे मागितले. रात्रपाळ्या गेल्या, हातात खडू आला, 'सिस्टर'ची 'मॅडम' झाली. तेव्हा ती वर चढली याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. तिला स्वतःला काय वाटते हे कोणी विचारले नाही. आणि खरे सांगायचे तर मीही अनारशांच्या ताटाकडेच लक्ष देऊन होतो.

दुपारी जेवणे झाल्यावर आई आडवी झाली आणि आम्ही दोघे मागच्या ओटीवर सुपारी कातरत बसलो. तेव्हा ती एकदम म्हणाली, "दादा, मी तिथून निघताना एका माणसाला खोटं सांगून आले."

हकीकत अशी होती. तिच्या शेवटच्या रात्रपाळीला चार नंबरच्या खाटेवर एक वृद्ध गृहस्थ होते. तीन आठवडे व्हेंटिलेटरवर. गळ्याला छेद देऊन नळी बसवलेली, त्यामुळे शुद्ध पुरी असूनही आवाज नाही. सुनेने त्यांना नातवाची पाटी आणून दिली होती; जे सांगायचे ते आजोबा पाटीवर लिहीत. रोज पहाटे तोंडाची स्वच्छता करून, उशी सारखी करून, ती पाळी संपवायला निघाली की ते एकच शब्द लिहीत : "उद्या?" आणि रोज ती मान हलवून 'हो' म्हणे, कारण तिच्या रात्री सलग लागलेल्या होत्या. शेवटच्या पहाटेही त्यांनी तोच शब्द लिहिला. तिने मान हलवली. मग सकाळच्या सिस्टरला रिपोर्ट दिला, कपाटाची किल्ली परत केली, मैत्रिणींनी आणलेला केक कापला, आणि ती घरी आली.

"ती मान सवयीनं हलली की मी हलवली, हे मला अजून ठरवता येत नाही," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी मी फोन केला. चार नंबरला दुसरा पेशंट आहे, एवढं कळलं. पुढं विचारायचा धीर झाला नाही. कारण खाट दोन कारणांनी रिकामी होते."

मी पस्तीस वर्षे तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवले आहे. असा प्रश्न समोर आला की ज्याचा संसार उघडा पडला त्याला ज्योतिष्याने राशी सांगाव्यात तसे मी काहीतरी सांगू लागतो. मी हिशेब मांडला. तू एका रात्री फार तर दोन माणसे सांभाळत होतीस. आता तुझ्या वर्गात चाळीस मुली आहेत. त्यांतल्या वीस जरी अशा विभागात गेल्या आणि वीस-वीस वर्षे टिकल्या, तर किती रात्री होतात, किती माणसे होतात? तुझ्या दोन हातांचे चाळीस हात झाले. मग एका खाटेचे दुःख कशाला?

ती ऐकून घेत होती. मग सुपारीचे खांड खाली ठेवून म्हणाली, "हा हिशेब मला येतो, दादा. त्याच्यावरच तर मी राजीनामा लिहिला. त्यात ते आजोबा कुठल्या रकान्यात घालू तेवढं सांग."

मला सांगता आले नाही. त्या गोष्टीला आता काही वर्षे झाली, आणि पुढे जे लिहीत आहे तो त्या रकान्याचाच शोध आहे.

आपण शुश्रूषेचे चित्र काढतो तेव्हा नेहमी एक खाट आणि तिच्या उशाशी एक स्त्री काढतो. डॉक्टर मोठा झाला की तो खाटेपासून दूर जातो, शिकवतो, परदेशी व्याख्याने देतो, आणि त्यामुळे तो आणखी मोठा डॉक्टर ठरतो. परिचारिकेने तेच केले की काकू पेढे मागतात खऱ्या, पण मनात कुठेतरी म्हणतात, 'आता ही खरी नर्स राहिली नाही.' या चित्राला फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई जबाबदार आहेत असे म्हणतात. मला वाटते त्यांच्यावर हा मोठा अन्याय आहे. त्या नव्वद वर्षे जगल्या, १८२० ते १९१०. त्यांपैकी क्रिमियाच्या युद्धातले दिवस मोजले तर १८५४ च्या नोव्हेंबरपासून १८५६ च्या उन्हाळ्यापर्यंतचे, म्हणजे पुरती दोन वर्षेही नव्हेत. उरलेले जवळजवळ सारे आयुष्य पत्रे, आकडे, अहवाल, नकाशे आणि शिकवणे यांत गेले. १८६० साली त्यांच्या नावाच्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. त्या स्वतः तोवर आजाराने खोलीत अडकल्या होत्या. जगाने मात्र त्यांच्या हातात कायमचा दिवा दिला. (तो दिवा तरी कसला? चित्रात असतो तसा समईच्या जातीचा नव्हे. तो घडीचा तुर्की कंदील होता. आपल्याकडची पोरे त्याला आकाशकंदीलच म्हणाली असती.)

पण त्यांनी खाट का सोडली, याची गोष्ट चित्रात येत नाही. स्कुटारीच्या बराकीत ३८ परिचारिका घेऊन त्या पोचल्या, रात्री कंदील घेऊन फिरल्या, सैनिकांनी त्यांना देवता मानले. आणि त्याच हिवाळ्यात तिथली माणसे पूर्वीपेक्षाही अधिक मेली. बराकीखालच्या गटारांतून रोग वर येत होता. १८५५ च्या मार्चमध्ये सरकारने पाठवलेले स्वच्छता-मंडळ आले, त्याने गटारे उपसली, हवा खेळती केली, आणि मग मृत्यूचा आकडा झरझर खाली आला. युद्ध संपल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने नाइटिंगेल बाईंनी ते आकडे स्वतः तपासले, तेव्हा त्यांना हे स्पष्ट दिसले. आपण ज्यांच्या उशाशी प्रेमाने उभ्या होतो, ते आपल्या पायांखालच्या घाणीने मरत होते. त्या क्षणी त्यांच्या मनाचे काय झाले असेल याची मी अनेकदा कल्पना करतो. उशाशी उभे राहणे खोटे नव्हते. ते पुरेसे नव्हते. त्यानंतर त्या फिरून रुग्णाच्या खाटेशी फारशा आल्या नाहीत. हिंदुस्थानात तर त्या कधीच आल्या नाहीत, तरी इथल्या लष्कराच्या आणि खेड्यांच्या आरोग्यावर दशकानुदशके लिहीत राहिल्या.

म्हणजे खाट सोडणे हे काही वेळा खाटेवरच्या माणसावरचे प्रेम असू शकते. इतके मी बहिणीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "त्यांच्या आकड्यांत त्यांची माणसं मेलेली होती. माझे आजोबा जिवंत होते आणि बघत होते." बहिणी मोठ्या तर्ककठोर असतात, फक्त त्यांना तो विषय शिकवायला कोणी नेमत नाही.

तिच्या धंद्याचा जन्म कसा झाला ते मी पुढे वाचून काढले, आणि ते वाचून माझा हिशेब थोडा हलला. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली माणसे, बरीचशी लहान मुले, ब्लेगदाम रुग्णालयात येऊ लागली. त्या वेळची श्वासयंत्रे मोजकी होती आणि फारशी उपयोगी नव्हती : पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सुचवले की गळ्याला छेद देऊन नळी घालावी, तिला रबरी पिशवी जोडावी, आणि ती पिशवी माणसाने हाताने दाबावी. एकदा, पुन्हा, पुन्हा. दिवस आणि रात्र, आठवडेच्या आठवडे. पण दाबणार कोण? वैद्यकीचे विद्यार्थी बोलावले. सुमारे दीड हजार पोरे-पोरी पाळीपाळीने आली. त्यांना एक हालचाल शिकवली आणि एकेकीला एकेका खाटेशी बसवले. मृत्यूचे प्रमाण कालांतराने पाव हिश्शाच्या आसपास उतरले. पुढच्याच वर्षी, १९५३ च्या डिसेंबरात, इब्सेनने त्याच शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयात जो विभाग उभा केला, तो जगातला पहिला अतिदक्षता विभाग मानला जातो.

हे वाचून मी थबकलो तो यासाठी, की ज्या विभागातून माझी बहीण 'शिकवायला निघून गेली', तो विभागच मुळी शिकवण्यातून जन्मला होता. पिशवी दाबणे ही विद्या कुणा एका कुशल हाताने स्वतःपाशी ठेवली असती तर एक मूल वाचले असते. ती दीड हजार अडाणी हातांना दिली म्हणून शेकडो वाचली. आणि तरीही, इथे माझा हिशेब पुन्हा अडतो, त्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाताखाली एकच मूल होते. त्या रात्री त्याच्या दृष्टीने शेकडो मुले नव्हतीच. पिशवी दाबता दाबता ज्याच्या हाताखाली ते एक मूल गेले, त्याला बाकीची वाचली असे सांगून काय उपयोग झाला असेल?

आता बहिणीने खाट सोडली ती केवळ उदात्त हेतूने, असे मी लिहिले तर ती हा अंक माझ्या तोंडावर फेकेल. तिची कंबर गेली होती. दर दोन तासांनी माणसाला कुशीवर वळवायचे, नाहीतर टाचेला आणि माकडहाडाला जखमा होतात. सत्तर किलोचा बेशुद्ध देह वळवणाऱ्या बाईच्या मणक्यांचा कोणी हिशेब ठेवत नाही. रात्रीचे जागरण वयाच्या पंचेचाळिशीनंतर अंगी लागेनासे झाले होते. आणि २०२० साल आले. त्या साथीत साध्या वॉर्डातल्या, प्रसूती विभागातल्या, बाह्यरुग्ण विभागातल्या मुली एका रात्रीत व्हेंटिलेटरपुढे उभ्या केल्या गेल्या. तिच्या वाट्याला आठ आल्या. तीन दिवसांत तिने त्यांना काय शिकवले? नळीतला कफ कसा खेचायचा आणि किती वेळात थांबायचे. बेशुद्ध माणसाचे डोळे उघडे राहिले तर कोरडे पडून बुबुळाला इजा होते, म्हणून त्यांत थेंब घालून ते कसे मिटवायचे. यंत्र ओरडले की आधी यंत्राकडे न बघता माणसाच्या छातीकडे का बघायचे. "त्या आठांतल्या एकीनं पाचव्या रात्री मला हाक मारली," ती सांगते. "म्हणाली, सिस्टर, आकडे सगळे बरोबर आहेत पण हा पेशंट मला बरा वाटत नाही. आणि ती बरोबर होती. त्या रात्री मला कळलं की मला जे येतं ते दुसऱ्याला देता येतं. मला वाटायचं ते माझ्याबरोबरच जाणार."

तेव्हा हेतू भेसळीचा होता. कंबर आणि कर्तव्य एकाच अर्जावर सही करून गेली. मला यात काही लाज वाटण्याजोगे दिसत नाही. निर्भेळ हेतूने केलेली कामे मी आयुष्यात फार थोडी पाहिली, आणि त्यांतली काही तर भयंकर होती. पण तिला वाटते. ती म्हणते, कंबर दुखत नसती तर मी गेले असते का, हे मला कळायला हवे.

या साऱ्यात मला सर्वांत छळणारा मुद्दा निराळाच आहे, आणि तो तिनेच सहज बोलताना सुचवला. ती शिकली कोणावर? एकोणीस-वीस वर्षांची असताना पहिल्यांदा सुई टोचली तेव्हा शीर तीनदा चुकली. ज्याची चुकली त्याने दात आवळले आणि वर 'असू दे पोरी' म्हटले. पहिल्यांदा कफ खेचला तेव्हा नळी गरजेपेक्षा जास्त वेळ आत राहिली, आणि एका बाईच्या डोळ्यांतून पाणी आले. हाताची प्रत्येक सफाई कुणाच्या तरी अंगावर गिरवलेली असते. आपले शास्त्रकार सांगतात की माणूस ऋण घेऊन जन्मतो, आणि त्यातले ऋषिऋण अध्ययन-अध्यापनाने फिटते. फार सुंदर कल्पना आहे. पण बहिणीचे ऋषी गाऊन घालून खाटेवर पडलेले होते, आणि त्यांतले बरेच जण ती शहाणी होण्याआधीच गेले. कर्ज एकाचे घ्यावे आणि फेडावे दुसऱ्याला, असा हा व्यवहार आहे. सावकाराच्या वहीत ते खाते कधीच बंद होत नाही.

हे कर्ज कमी करण्याची एक युक्ती १९६० साली निघाली. नॉर्वेतल्या स्टाव्हांगर गावी आस्मुंद लेर्दाल नावाचे एक खेळण्यांचे कारखानदार होते. ते मुलांसाठी मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या करीत. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी माणसाएवढी बाहुली केली, जिच्या तोंडात फुंकर घालून थांबलेला श्वास चालू करण्याचा सराव करता येईल. तिला मुखवटा दिला तो पॅरिसच्या सेन नदीत बुडालेल्या एका अनामिक मुलीचा, अशी आख्यायिका असलेला एक जुना चेहरा. आज जगभर लाखो माणसे त्या चेहऱ्यावर शिकली आहेत. बहिणीच्या कॉलेजातही त्या जातीची बाहुली आहे. मुली तिला 'आक्का' म्हणतात. आक्काच्या अंगावर हव्या तितक्या चुका कराव्यात, आक्का दात आवळत नाही. पण एवढ्याचसाठी आक्का पुरत नाही, असे बहीण म्हणते. आक्का पाटीवर काही लिहीत नाही.

२०२४ साली तिला सहा आठवड्यांसाठी युगांडात पाठवले. एका जिल्हा रुग्णालयातल्या परिचारिकांना अत्यवस्थ रुग्णांची देखभाल शिकवायची होती. आई पुन्हा आनंदली; काकूंनी दुसऱ्यांदा पेढे मागितले. जाताना बाईसाहेब व्हेंटिलेटरच्या निरनिराळ्या इशाऱ्यांवरची साठ चित्रे संगणकात भरून घेऊन गेल्या. तिथे मुलांच्या वॉर्डात व्हेंटिलेटर नव्हता. हवेतून प्राणवायू गाळून देणारे एक यंत्र होते. त्याच्या नळीला फाटे फोडून तीन-चार मुलांना पुरवठा चालायचा, आणि वीज गेली की जनित्र सुरू होईपर्यंत सगळ्यांनी देवाचे नाव घ्यायचे. दुसऱ्याच दिवशी तिने संगणक मिटला. "मला जे येतं असं मी समजत होते, त्यातलं निम्मं माझ्या यंत्रांना येत होतं," असे तिने मला पत्रात लिहिले. उरलेले निम्मे मात्र तिथे कामाला आले : मुलाच्या छातीवर हात ठेवून घड्याळात पुरते एक मिनिट श्वास मोजणे, बोटाचे नख दाबून सोडणे आणि रक्त दोन सेकंदांत परत येते का पाहणे, जे मूल काल रडत होते आणि आज गप्प आहे त्याच्याकडे आधी जाणे.

पण पत्रातला मोठा भाग एका तिथल्या वडीलधाऱ्या सिस्टरविषयी होता. त्या रुग्णालयात रुग्णाचे नातेवाईक खाटेशीच राहतात. आवारात चूल मांडून रांधतात, रुग्णाला धुतात-पुसतात. वॉर्डात चाळीस मुले आणि रात्री दोन परिचारिका. तेव्हा ही सिस्टर प्रत्येक आईचा हात धरून तो तिच्या मुलाच्या बरगडीखाली ठेवी आणि सांगे, श्वासागणिक इथे असा खड्डा पडू लागला तर मला उठव, मी झोपलेली असले तरी. बहीण लिहिते : "दादा, मी तेवीस वर्षं आईलाच बाहेर काढलं. भेटण्याची वेळ संपली, चला बाहेर. ती बाहेर जिन्यात बसायची आणि मी आत एकटी दोघांना सांभाळायची. इथं ही बाई चाळीस जणी तयार करून झोपते." शिकवायला गेलेली बाई असे काही शिकून परत आली, हे त्या प्रवासाचे वर्णन मला पुरेसे वाटते. प्रमाणपत्रे वाटतानाची छायाचित्रेही आहेत, पण ती सगळ्यांकडे असतात.

आणखी एक काटा तिथून ती घेऊन आली. तिच्या वर्गातली सर्वांत हुशार मुलगी शेवटच्या दिवशी म्हणाली की हे प्रमाणपत्र आपण आखातातल्या नोकरीच्या अर्जाला जोडणार आहोत. बहीण दोन रात्री झोपली नाही. आपण गळक्या घागरीत पाणी ओतले काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका आहेत आणि अजून ५८ लाखांच्या आसपास कमी पडतात. कमी पडतात त्या मुख्यतः गरीब देशांत. श्रीमंत देशांनी अशा देशांतली माणसे बेधडक ओढून नेऊ नयेत म्हणून २०१० साली एक आंतरराष्ट्रीय आचारसंहिताही झाली, पण ती पाळणे ज्याच्या त्याच्या खुशीवर आहे. मी तिला विचारले, "मग तू त्या मुलीला काय म्हणालीस?" म्हणाली, "काय म्हणणार? आपल्याकडच्या किती मुली गेल्या. तिला दोन भावांची शाळा करायची आहे. मी खाट सोडून आलेली बाई, तिला खाट सोडू नकोस म्हणून सांगू?" या प्रश्नावर माझ्यापाशी उत्तर नाही, आणि ज्यांच्यापाशी आहे ते सहसा आखाताच्या नोकरीच्या अर्जाला बसलेले नसतात.

खाट न सोडणाऱ्याही आहेत, आणि त्यांची आठवण न काढता हा लेख पुरा करणे मला बरे वाटत नाही. मुंबईच्या परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली हल्ला झाला; मेंदूला झालेल्या इजेतून त्या पुन्हा कधी पुरत्या जाग्या झाल्या नाहीत. २०१५ च्या मे महिन्यात त्या गेल्या तोवरची बेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना जपले. त्यांना सोडवावे की नाही हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा या परिचारिकांनी आमच्या अरुणाला आम्ही सांभाळू म्हणून सांगितले. त्या वेळच्या वादात मी पडत नाही. मला त्यातली एकच गोष्ट इथे हवी आहे. बेचाळीस वर्षांत कोणा एकीने त्यांना सांभाळले नाही; सांभाळणाऱ्या निवृत्त होत गेल्या, बदलत गेल्या. पण न्यायालयापुढे रुग्णालयाने सांगितले होते की नव्या विद्यार्थिनींची प्रत्येक तुकडी त्यांच्या खाटेशी नेली जाई, ही आपल्यातली आहे असे सांगून ओळख करून दिली जाई. म्हणजे खाट कोणी सोडली नाही हे खरे, आणि प्रत्येकीने सोडली हेही तितकेच खरे. जाणारी येणारीचा हात त्या खाटेवर ठेवून जात होती.

हे मी बहिणीला गेल्या भाऊबिजेला वाचून दाखवले. तिने नेहमीप्रमाणे चूक काढली. पण आधी मी माझे म्हणणे पुरे केले. म्हटले, तुझा अपराध असलाच तर तो जाण्यात नाही. जाणे चुकणार नाही, आज ना उद्या प्रत्येकीला जायचेच असते. अपराध त्या मानेत आहे. तुझे चाळीस हात, तुझे युगांडा, ही सारी दयेची खाती आहेत आणि ती मोजता येतात. 'उद्या?' ला दिलेले उत्तर हा शब्द होता. शब्द एकाला दिलेला असतो. तो हजारांना वाटून फिटत नाही. तुझे आजोबा माझ्या रकान्यांत बसत नव्हते, कारण तो कागदच त्यांचा नव्हता.

ती म्हणाली, "बरोबर. पण मी 'नाही' म्हटलं असतं तर? पुढची रात्र काढायची होती त्यांना. मी येणार म्हणून दिवसभर तरी शांत पडले असतील. ती मान मी माझ्यासाठी हलवली की त्यांच्यासाठी, ते तुझ्या शास्त्राला कळतं का?"

मी कागद खाली ठेवला.

मग तिने सांगितले ती गोष्ट तिने याआधी मला सांगितली नव्हती. कॉलेजातल्या मुली चार-चार आठवडे एकेका विभागात कामाला असतात. तिच्या हाताखालच्या मुलींना तिने एक नियम घातला आहे. तो अभ्यासक्रमात नाही आणि परीक्षेत त्याला गुण नाहीत. विभागातल्या शेवटच्या दिवशी मुलीने आपल्या रुग्णाला आधी सांगायचे, मी उद्यापासून येणार नाही. मग जी उद्या येणार तिला हाताला धरून खाटेशी आणायचे, तिचे नाव सांगायचे, आणि दोघींनी मिळून एकदा त्या माणसाला कुशीवर वळवायचे. म्हणजे नव्या हाताची ओळख त्याच्या पाठीला होते. रुग्ण बेशुद्ध असला तरी सांगायचे. मुलींना हे फार जड जाते. सुई टोचण्यापेक्षा जड. काही जणी त्या दिवशी आजारी पडतात.

"गेल्या महिन्यात एक मुलगी आली," ती सांगू लागली. "म्हणाली, मॅडम, मी सांगितलं. आजींनी तोंड फिरवलं. नव्या मुलीकडे बघितलंसुद्धा नाही."

"मग?"

"मीही तेच विचारलं. मग काय केलंस? तर म्हणाली, काही नाही, मॅडम. तशीच उभी राहिले. पाळी संपल्यावर अर्धा तास."

आतून आईने हाक मारली, निरांजनातले तूप संपत आले होते, आणि मी अजून पाटावर बसलो नव्हतो.